मोडी-वाचनाचें शिक्षण व नवीं संगणकीय साधनें

मोडी शिकविण्याचें काम आम्ही गेलीं कित्येक वर्षें यथाशक्ति करीत आहों. या कामांत अलीकडे संगणक, इंटरनेट व खिशांतील मोबाइल यांचा जो शिरकाव झाला आहे त्याविषयीं आमचे संग्राहक मित्र वारंवार पृच्छा करितात. कोणी म्हणतो, 'यंत्र आतां मोडी वाचतें असें ऐकतों, तर आमचे रुमाल यंत्रासच कां दाखवूं नयेत ?' दुसरा विचारतो, 'घरबसल्या मोडी खरोखर शिकतां येते काय ?' तिसऱ्याची शंका अशी कीं, 'कागदांचीं चित्रें एकदां जगापुढें मांडलीं म्हणजे आमच्या संग्रहाचें मोल तें काय राहिलें ?' या प्रश्नांस तोंडीं उत्तरें देऊन आम्ही थकलों. सबब अनुभवास आलें तेवढें येथें नमूद करितों. आमचा पिंड संस्कृत शिक्षकाचा. यंत्रशास्त्रांत आमची गति बेताचीच आहे. तेव्हां यंत्राच्या पोटांत काय चालतें यापेक्षां शिकणाराच्या डोळ्यांत व डोक्यांत काय होतें, याकडेच या लेखांत विशेष लक्ष दिलें आहे.

पूर्वीं मोडी शिकणें म्हणजे हातानें शिकणें होतें. मुलगा कित्त्यावरून अक्षर वळवी. प्रथम कागदाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत रेघ ओढी, आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्या खालीं अक्षरें लिहीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, विरामचिन्हें नाहींत, आणि ओळ संपली कीं शब्द मध्येंच तोडून पुढील ओळीवर न्यावयाचा. ज्यानें स्वतः असें लिहिलें आहे त्यास दुसऱ्याचें लिखाण वाचतांना कारकुनाचा हात कोठून निघून कोठें वळला असेल हें फारसा विचार न करितां उमगतें. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून मोडी गेली, तिच्याबरोबर ही हाताची स्मृतीही गेली. पुढें मोडी शिकली ती बहुतेकांनीं वाचण्यापुरतीच, तीही थोड्यांनीं.

मोडी न जाणतांही मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करितां येऊं लागला याचें श्रेय छापखान्यास आहे, आणि थोडा दोषही त्याच्याकडेच जातो. विल्यम कॅरीनें १८१० सालीं सेरामपूर येथें आपला मराठी कोश मोडी टायपांत छापिला होता. परंतु ती वाट पुढें चालली नाहीं, बाळबोध टायपानें बाजी मारली. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. सरदेसायांच्या नजरेखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधींत निघाले. हे सर्व कागद छापिले गेले ते बाळबोधांत. त्या थोर पुरुषांच्या श्रमांस तोड नाहीं. तथापि वाचकाच्या हातीं पडे तें संपादकाचें वाचन. अस्सल कागद रुमालांतच राही. एखाद्या शब्दाविषयीं शंका आली तर पुण्यास जाऊन, परवानगी काढून, रुमाल सोडवून घेणें एवढाच उपाय होता, आणि तो किती जणांस साध्य होता ? नव्या साधनांनीं जें सर्वांत मोठें काम केलें तें याच ठिकाणीं. अस्सलाचें चित्र वाचकापर्यंत व विद्यार्थ्यापर्यंत पोहोंचूं लागलें. बाकीच्या गोष्टी आमच्या मतें त्याच्या मागून येतात.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी जाहीर झाली त्या वेळीं आमचा वर्ग एका वाचनालयाच्या माडीवर भरत असे. तो एका दिवसांत बंद पडला. आमच्या पुतणीनें संगणकावर दूरस्थ वर्गाची मांडणी करून दिली, आणि आम्ही, ज्यांनीं चाळीस वर्षें खडू-फळ्यावांचून दुसरें साधन हातीं धरिलें नव्हतें, पडद्यासमोर बसून शिकवूं लागलों. पहिल्या वर्गास ३४ नांवें आलीं. त्यांत एक बडोद्याच्या, बँकेंत नोकरी करणाऱ्या बाई होत्या. बेळगांवचे एक वकील होते. तंजावराकडील मराठी घराण्यांतले एक गृहस्थ होते, ज्यांच्या घरीं मोडी कागद असून तीन पिढ्यांत ते वाचणारें कोणी नव्हतें. आणि अमेरिकेंत राहणारे एक मुलगा व त्याची आई होती, ज्यांच्या वर्गाची वेळ आमच्या सायंकाळीं म्हणजे त्यांच्या पहांटे येई. माडीवरच्या वर्गास हीं माणसें जन्मांत लाभलीं नसतीं. अखेरपर्यंत ११ जण टिकले. माडीवरही गळती याच मानानें होत असे, म्हणून त्याचा दोष साधनास देतां येत नाहीं.

पद्धति अशी ठेविली. शनिवारच्या वर्गासाठीं पत्राचें चित्र बुधवारीं सर्वांस व्हॉट्सॲपवर पाठवावयाचें. प्रत्येकानें आपलें वाचन स्वहस्ताक्षरांत लिहून त्याचें चित्र शुक्रवारीं रात्रीं आमच्याकडे धाडावयाचें. अडलें तेथें रिकामी जागा सोडावयाची, अंदाज भरावयाचा नाहीं. शनिवारीं पाळीपाळीनें एकेकानें एकेक ओळ वाचावयाची, इतरांनीं मध्यें सांगावयाचें नाहीं. आधीं लिहून देण्याचा हा नियम पुष्कळांस जाचक वाटला. परंतु तो काढला कीं वर्ग बसतो, हें आम्हीं दोनदां अनुभविलें. दुसऱ्याचें वाचन कानीं पडल्यावर तेंच अक्षर आपल्यालाही दिसूं लागतें, आणि शिकल्याचा भास होतो. पडद्यावर तर हा भास अधिक. कारण उत्तर नेहमीं एका बोटाच्या अंतरावर असतें.

चित्राचा एक लाभ कागदावर मिळत नाहीं. पत्र पडद्यावर आठ-दहा पट मोठें केलें म्हणजे शाईचा थर कोठें दाट व कोठें विरळ हें दिसतें. बोरू जेथें पुन्हा फिरला तेथें काळोखी वाढते. जेथें तो शाईंत बुडवून आणिला तेथून रेषा एकाएकीं ठळक होते. यावरून अक्षराचा कोणता भाग आधीं व कोणता मागून लिहिला हें ठरवितां येतें. हाताची जी स्मृति गेली म्हणून वर म्हटलें ती थोडीशी तरी या वाटेनें परत मिळते. तरीही दर आठवड्यास पांच ओळी स्वतः तिरप्या टोंकाच्या लेखणीनें लिहावयाच्याच, ही अट आम्हीं सोडिली नाहीं. ज्यांनीं ती टाळली ते कित्त्यांतील मोडी वाचूं लागले, पण पेशवाईंतील जलद लिहिलेलें पत्र समोर येतांच थांबले.

आतां युनिकोडाविषयीं, कारण त्याबद्दल संग्राहकांत बराच गैरसमज आहे. संगणक अक्षर साठवितो तें आकृतीच्या रूपानें नव्हे, क्रमांकाच्या रूपानें. 'क' या वर्णास एक क्रमांक. तो कोणत्या वळणाचा दिसावा हें टंक ठरवितो. बाळबोध लिपीस युनिकोडांत १९९१ सालींच स्थान मिळालें. मोडीस तें जून २०१४ मध्यें, सातव्या आवृत्तींत मिळालें; त्यासाठींचा प्रस्ताव अंशुमान् पांडे यांनीं मांडिला होता. एकंदर ७९ चिन्हांस क्रमांक दिले गेले. त्यांत स्वर, व्यंजनें, मात्रा व अंक तर आहेतच, पण संक्षेपाचें चिन्हही आहे. तत्पूर्वींही मोडीचे टंक होते. परंतु ते दुसऱ्या लिपीच्या क्रमांकांवर मोडीचा वेष चढवीत, त्यामुळें टंक बदलला कीं मजकुराचा मजकूर ओळखूं येईनासा होई. आतां मोडींत लिहिलेला शब्द मोडी म्हणूनच साठवितां, शोधितां व पाठवितां येतो. गूगलच्या नोतो मालिकेंत मोडीचा टंक फुकट मिळतो, आणि विनोद राजन् यांच्या 'अक्षरमुख' या लिप्यंतर-साधनांत बाळबोध मजकूर घातला कीं तो क्षणांत मोडींत उतरतो.

पहिले पंधरा दिवस कित्ता म्हणून याचा उपयोग उत्तम होतो. हवे तेवढे धडे तयार करितां येतात. आम्हीं स्वतः असे पुष्कळ केले. परंतु पंधरा दिवसांनंतर तें बंद करावें हें बरें. कारण दोन आहेत. छापील मोडी नियमित असते. तिच्यांतील 'का' सर्वत्र एकाच वळणाचा. कारकुनाच्या हातचा 'का' ओळीगणिक निराळा, आणि शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणें तर परस्परांपासून फारच भिन्न. दुसरें कारण सूक्ष्म आहे पण महत्त्वाचें आहे. मोडी लिहिणारा इकार सामान्यतः दीर्घ व उकार ऱ्हस्व काढी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तो पाळीत नसे. युनिकोडांत मात्र इ व ई, उ व ऊ यांस स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु आजच्या शुद्धलेखनाचा बाळबोध मजकूर यंत्रानें मोडींत उतरविला म्हणजे कोणाही चिटणिसानें कधीं लिहिली नसती अशी मोडी तयार होते. विद्यार्थ्याच्या डोळ्यांस तिचीच संवय लागते.

याचा उलट प्रकार अधिक घातक. कागदावर 'वीनंती' असतें. विद्यार्थी मोबाइलवर टंकलेखन करितो. कळफलक त्यास न विचारतां 'विनंती' करून टाकितो. विद्यार्थ्यास वाटतें आपण बरोबर वाचलें, आणि अर्थाच्या दृष्टीनें तें बरोबर असतेंही. पण नक्कल बिघडली. संग्राहकांस हें सांगावयास नको कीं बनावट सनद पुष्कळदां तिच्या लेखनावरूनच पकडली जाते. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं कोणी जुन्या कागदावर नवी सनद रचली तर तो शाळेंत शिकलेले ऱ्हस्व-दीर्घ नकळत पाळून बसतो. यंत्रानें 'शुद्ध' केलेल्या नकलेंत अस्सल व बनावट दोन्ही सारखींच शुद्ध दिसतात, आणि पुरावा नाहींसा होतो. म्हणूनच आमच्या वर्गांत वाचन हातानें लिहून मागवितों. टंकलेखन करावयाचेंच तर कळफलकाची ही सुधारणा आधीं बंद करावी. ती बंद करितां येते, पण हें पुष्कळांस माहीत नसतें.

कोशांच्या बाबतींत मात्र नव्या साधनांची स्तुति करावी तेवढी थोडी. शिकागो विद्यापीठानें मोल्स्वर्थचा १८५७ चा कोश, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा १९९९ चा कोश, आणि फारसीसाठीं श्टाइनगासचा कोश असे सर्व एकत्र शोधण्याजोगे करून ठेविले आहेत. पेशवाईंतील एका पत्रांत या चारांचीही गरज पडूं शकते. आमच्या तारुण्यांत हे चार ग्रंथ एका टेबलावर एकत्र पाहावयास मिळाले असते तर तो सण वाटला असता. एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं कोश शब्द त्याच्या कोशांतील वर्णांनींच शोधतो. 'वीनंती' त्यास सांपडणार नाहीं. म्हणजे शुद्ध करून शोधावें, पण नकलेंत शुद्ध करूं नये.

संस्कृत पोथ्यांचे संग्राहकही या त्रैमासिकाचे वाचक आहेत, म्हणून थोडें विषयांतर. कोलोन विश्वविद्यालयानें १९९४ पासून मोनियर-विल्यम्सच्या कोशास संगणकीय रूप देण्यास आरंभ केला. आपट्यांचा १८९० चा कोशही आज तेथें आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक संहिता जपानांत टोकुनागा यांनीं संगणकांत उतरविली व केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनीं ती सुधारली. आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें फ्रान्समधील झेरार ह्युए यांच्या संधिविच्छेदक साधनाचें आणि हैदराबादेस अंबा कुलकर्णी यांनीं उभारलेल्या 'संसाधनी'चें. पोथींत पदें तोडून लिहिलेलीं नसतात. 'नतेन' असें सलग असेल तर तें 'न तेन' कीं 'नतेन' एक पद, हें वाचकानें ठरवावयाचें. ह्युए यांचें साधन शक्य ते सारे विच्छेद मांडून दाखवितें आणि निवड वाचकावर सोडितें. शिक्षकाचें काम यंत्रानें करावयाचें तर तें या रीतीनें करावें. एकच उत्तर ठामपणें देणारें यंत्र विद्यार्थ्यास आळशी करितें. चार उत्तरें मांडणारें त्यास व्याकरणाकडे परत पाठवितें.

असो. आतां कालनिर्णयाकडे वळूं, आणि येथें आमची स्वतःचीच फजिती सांगणें भाग आहे. मोडकांची जंत्री व खरे जंत्री हीं आमचीं जुनीं शस्त्रें. त्यांच्या जोडीस आतां जपानांतील यानो व फुशिमि यांनीं सूर्यसिद्धान्तावरून रचलेला 'पंचांग' नांवाचा गणनक्रम आहे. त्यांत तिथि घातली कीं इंग्रजी तारीख मिळते. महाराष्ट्रांतील जुनीं पंचांगें बहुधा ग्रहलाघवावरून होत, म्हणून तिथीच्या घटिकांत फरक पडूं शकतो. पण साधारण कामास तें पुरेसें आहे. याखेरीज हिजरी सालाचें इसवी साल करून देणारीं साधनें इंटरनेटवर रगड आहेत. घोटाळा तेथेंच झाला.

सुमारें तीन वर्षांपूर्वीं एका संग्राहक मित्रांनीं इनाम जमिनीच्या एका सनदेचें चित्र पाठविलें. साल अक्षरांनीं स्वच्छ लिहिलेलें : सु॥ इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, ज्याचा आरंभ मृगाच्या सुमारास, जूनच्या पहिल्या आठवड्यांत होतो. जून ते डिसेंबर असेल तर त्यांत ५९९ मिळवावे, जानेवारी ते मे असेल तर ६०० मिळवावे, हें आम्ही प्रत्येक वर्गाच्या तिसऱ्या धड्यांत घोकून घेतों. त्या रात्रीं आम्हांस घाई होती. ११६१ हा आंकडा एका परिवर्तन-साधनांत टाकिला. त्यानें तत्काळ १७४८ असें उत्तर दिलें. त्यानें तो हिजरी समजला होता, आणि हिजरी ११६१ चें इसवी साल १७४८ हेंच आहे. शाहूमहाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. अर्थात् सनद शाहूंच्या कारकीर्दींतील असें आम्हीं मित्रांस कळविलें. शिक्का फिकट उठलेला होता. तो नेहमींचाच असणार असें गृहीत धरून आम्हीं तो न वाचतांच सोडिला. मित्रांच्या घराण्यांत शाहूमहाराजांनीं जमीन दिल्याची आख्यायिका होतीच. आमचें पत्र त्यांनीं चौकट करून दिवाणखान्यांत लाविलें.

पुढें तेंच चित्र आम्हीं वर्गास अभ्यासासाठीं दिलें. शुक्रवारीं बडोद्याच्या बाईंच्या वाचनाखालीं दोन ओळी अधिक होत्या : 'गुरुजी, शिक्का मोठा करून पाहिला. त्यांत शाहूराजांचें नांव दिसत नाहीं, राजाराम असें दिसतें. सालाचें एकदां पुन्हा पाहावें काय ?' आम्हीं चित्र उघडिलें, शिक्क्यावरील उजेड कमी-अधिक करून पाहिला. बाईंचें म्हणणें खरें होतें. पेशव्यांच्या शिक्क्यांत त्या वेळच्या छत्रपतींचें नांव असे. शाहूंच्या पश्चात् रामराजे गादीवर आले, त्यांचें नांव तें. मग साल बोटांवर मोजिलें. ११६१ सुहूर म्हणजे १७६०-६१. पानिपतचें रण पडलें तें याच सालीं, पौष शुद्ध ८ शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशीं. बारा वर्षांची चूक. तीही आमच्या हातून, ज्यांनीं तो हिशेब शेंकडों जणांकडून घोकून घेतला. मित्रांस दुसरें पत्र धाडावें लागलें. तें त्यांनीं अद्याप चौकटींत बसविलेलें नाहीं, आणि पहिलेंही काढिलेलें नाहीं.

यांत यंत्राची चूक नव्हती. त्यानें विचारल्याचें उत्तर दिलें. पण हिजरी व सुहूर यांतील भेद तें साधन जाणत नव्हतें, आणि जाणत नाहीं असें सांगतही नव्हतें. चूक सुधारली तीही नव्या साधनामुळेंच : चित्र बडोद्यास पोहोंचलें, तें मोठें करितां आलें, आणि तें पाहणारीनें गुरूच्या शब्दावर न विसंबतां शिक्का वाचला. तेव्हांपासून आम्हीं वर्गांत परिवर्तन-साधनास मनाई केली नाहीं. मात्र प्रथम बोटांवर हिशेब, मग यंत्राशीं ताळा, असा क्रम लाविला. पत्रांतील 'छ' पुढील हिजरी चंद्राची तारीख व सुहूर सन ह्या एकाच ओळींत शेजारीं येतात, म्हणून नवशिक्यास हा घोटाळा होण्याचा संभव नेहमींच असतो.

आतां यंत्रास मोडी वाचतां येते काय, हा प्रश्न. हस्तलिखित वाचणारीं यंत्रसाधनें आहेत. ऑस्ट्रियांत इन्सब्रुक येथें उदय पावलेलें 'ट्रान्स्क्रिबुस' त्यांत प्रसिद्ध आहे, पॅरिसकडील 'ई-स्क्रिप्टोरियम' दुसरें. त्यांस कोणतीही लिपि उपजत येत नाहीं. ओळीचें चित्र व त्या ओळीचें माणसानें केलेलें बिनचूक वाचन, अशा जोड्या त्यांस पुष्कळ पुरवाव्या लागतात. त्यांवरून तीं त्या हाताचें वळण शिकतात. एका कारकुनाचे हजार कागद असतील तर शंभर वाचून दिल्यावर उरलेल्यांत तीं चांगलें साह्य करूं शकतील. पण रुमालांत दर कागदास हात निराळा असेल तर लाभ त्या मानानें थोडा. आणि ते शंभर कागद वाचणार कोण ? मोडी जाणणारा माणूसच. म्हणजे यंत्र वाचूं लागावें असें ज्यास वाटतें त्यानें आधीं माणसें शिकवावयास हवीं.

अलीकडे प्रश्नांस उत्तरें देणारीं जीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आलीं आहेत त्यांपैकीं एकास आम्हीं गतवर्षीं एक पेशवेकालीन पत्र दाखविलें. त्यानें क्षणार्धांत सुंदर मराठींत पत्र वाचून दाखविलें. आशीर्वाद, कुशल, सारें यथासांग. चित्रांतील पत्राशीं त्याचा चार-सहा शब्दांपलीकडे संबंध नव्हता. तें पत्र गुळाच्या बाकीविषयीं होतें. यंत्रानें त्यांत स्वारीची हकीकत घातली. पुढें हीं यंत्रें सुधारतील यांत शंका नाहीं, आणि सुधारल्यावर धोका कमी होईल कीं अधिक बेमालूम होईल हें आम्हांस सांगवत नाहीं. माणूस अडतो तेव्हां टिंबें देतो. हें यंत्र अडलें तेव्हां त्यानें संभाव्य शब्द भरिला. आणि गांवांचीं, पाटलांचीं, शेतांचीं नांवें हीं कधींच 'संभाव्य' नसतात. ज्या नांवासाठीं कागद जपावयाचा तेंच प्रथम बिघडतें.

संग्रहाच्या मोलाविषयींची शंका उरली. चित्र दिल्यानें अस्सलाचें मोल घटतें असें आम्हांस कोठें दिसलें नाहीं; वाचल्या न गेलेल्या कागदाचें मोल मात्र वजनावर ठरलेलें आम्हीं पाहिलें आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा यांस महापूर आला तेव्हां आमच्या परिचयाच्या एका घरांतील दोन रुमाल भिजून त्यांचा लगदा झाला. त्यांपैकीं एकाचीं चित्रें त्याच्या आदल्या दिवाळींत घरच्या मुलानें हौसेखातर घेतलीं होतीं. तो रुमाल आज आमचा वर्ग वाचीत आहे. दुसऱ्यांत काय होतें हें त्या घरांतही कोणास ठाऊक नाहीं. केंद्र सरकारनें २०२५ च्या अर्थसंकल्पांत 'ज्ञान भारतम्' या नांवानें एक कोटींहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचें योजिलें आहे. पण खासगी रुमालापर्यंत तो हात पोहोंचेतों थांबणें शहाणपणाचें नव्हे.

चित्रें घेतांना एवढें पाळावें. कागद सपाट, उजेड दोन्ही बाजूंनीं सारखा, मोबाइल कागदाशीं समांतर. चारी कडा चित्रांत याव्यात. नुसता मजकूर कापून घेऊं नये, कारण जोड, शिक्का व मोर्तब कडेलाच असतात. पाठ कोरी दिसली तरी तिचेंही चित्र घ्यावें. शेरे तेथेंच सांपडतात. शेजारीं एक मोजपट्टी ठेवावी. चित्राच्या नांवांत रुमाल क्रमांक, कागद क्रमांक व 'पुढील' कीं 'मागील' हें लिहावें, आणि रुमालांतील मूळ क्रम कदापि मोडूं नये. मूळ चित्र जसेंच्या तसें एका जागीं राखून ठेवावें, सुधारणा करावयाची ती त्याच्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवरून पाठविलेलें चित्र आक्रसतें, म्हणून तें राखण्याजोगें नव्हे. मोठ्या ग्रंथालयांनीं आतां आय.आय.आय.एफ. नांवाचा एक संकेत स्वीकारला आहे. त्यायोगें दोन दूरच्या संग्रहांतील कागद एकाच पडद्यावर शेजारीं शेजारीं मांडून, हवे तेवढे मोठे करून पाहतां येतात. फाटून दोन घरांत गेलेले कागद यानें पुन्हा जुळूं शकतात. सामान्य संग्राहकास हें आज नको असेल. पण चित्रें नीट घेतलेलीं असतील तरच पुढें तें साधेल.

उपरिनिर्दिष्ट सनदेच्या पाठीवर तीन ओळींचा शेरा आहे. पहिली ओळ लागली. दुसरींत एका गांवाचें नांव असून त्याचें दुसरें अक्षर घडीवर आल्यानें झिजलें आहे. वर्गांतील ११ जणांनीं त्याचीं पांच वाचनें केलीं आणि आमचें सहावें आहे. तिसरी ओळ निराळ्या हातची, बहुधा मागाहून लिहिलेली आहे. मित्रांनीं दोन्ही बाजूंचीं चित्रें देण्यास अनुमति दिली आहे. मागेल त्या वाचकास तीं मंडळाच्या पत्त्यावरून पाठवूं. आमचीं सहा वाचनें मात्र त्यांचें स्वतःचें वाचन हातीं आल्यावरच पाठविण्यांत येतील.